कोरं झबलं

“धुवून?” आईने हातातलं झबलं टेबलावर आपटलं. “परत बोल. काय म्हणाली ती?”

धाकटा अजून दारातच होता. इस्पितळातून तो तडक जिना चढून वर आला होता. बायकोने पढवलेलं वाक्य त्याने वाटेत चार वेळा घोकलं होतं, पण आईचा चेहरा बघितल्यावर त्यातलं निम्मंच तोंडातून बाहेर पडलं.

“बाळाचे कपडे एकदा पाण्यातून काढून आणा म्हणाली. चार वाजता सोडतायत. ऊन चांगलं आहे, वाळतील तोवर.”

“पाण्यातून काढून म्हणाली की धुवून म्हणाली?”

“धुवून म्हणाली,” धाकटा म्हणाला आणि बूट काढायला वाकला. बूट काढायला त्याने जरा जास्तच वेळ लावला.

खाली बारा मशिनं चालू होती आणि वरच्या खोलीच्या फरशीला त्यांची थरथर नेहमीसारखी लागत होती. खाली बाळांच्या कपड्यांचा कारखाना आणि त्याच्या डोक्यावर घर, ही धाकट्याच्या वडिलांची, अप्पांची मांडणी ते गेल्यावरही कोणी बदलली नव्हती. टेबलावर सहा झबली आणि सहा टोपडी होती, सगळी पांढरी, सगळी आईने स्वतः शिवलेली. या घरातल्या पोराच्या अंगाला पहिला कपडा लागायचा तो आईच्या हातचा, आणि तोही कोरा, पाणी न लागलेला. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. आईच्या डोक्यात होतं, आणि आईच्या डोक्यात एकदा काही बसलं की ते काढायची कोणाची टाप नव्हती.

“माझे हात घाण आहेत का?” आईने विचारलं.

“हातांचं कोण म्हणतंय, आई?”

“मग कशाचं म्हणतंय? शिवले मी. बंद लावले मी. पोराला टोचू नये म्हणून एकेक शिवण उलटी करून बोटाने चाचपली मी. आणि ही तिकडे खाटेवर पडल्या पडल्या मला सांगणार, धुवा?”

“बाळ महिनाभर आधी आलंय. आठ दिवस काचेच्या पेटीत होतं. कातडी इतकी पातळ आहे, आतल्या शिरा मोजून घ्याव्यात. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या...”

“डॉक्टरीणबाईंनी उभ्या जन्मात एक झबलं शिवलंय?”

आता आईची बाजूही ऐकायला हवी, नाहीतर ती नुसतीच हेकट वाटेल. हेकट ती होतीच, पण तिला कारण होतं. थोरला जन्मला तेव्हा घरात चिंधीसुद्धा धड नव्हती. घरमालकिणीने आपल्या पोराचे जुने, धुऊन धुऊन विरलेले कपडे दिले, आणि प्रत्येकाच्या गळ्याशी त्या पोराचं नाव लाल दोऱ्याने भरलेलं. आईने दोरा उसवला, तरी भोकं राहिली. थोरल्याला कडेवर घेऊन ती नळावर गेली की मालकीणबाई चार बायकांत म्हणायच्या, “अगंबाई, आमच्या बाळ्याचंच ना गं हे?” तेव्हापासून तिच्या लेखी धुतलेलं म्हणजे दुसऱ्याचं आणि कोरं म्हणजे आपलं. पुढे अप्पांनी कारखाना टाकला, तेव्हा तिच्याच हट्टापायी प्रत्येक झबल्याला कागदी पट्टी लागली: ‘धुवायची गरज नाही. सरळ बाळाच्या अंगात.’ लोक ती पट्टी बघून माल उचलायचे. त्यामुळे ‘धुवा’ म्हटलं की आईला कोणीतरी सगळ्या जन्मावर थुंकल्यासारखं व्हायचं.

धाकट्याचा फोन वाजला. त्याने स्पीकर लावून तो टेबलावर ठेवला. म्हटलं, दोघींनी आपसात बघून घ्यावं.

“आई, रागावू नका,” फोनमधून त्याची बायको, धाकटी, म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची आणि तिला प्रत्येक गोष्टीची रीत मांडून दाखवायची सवय होती. “तुमच्या शिवणाला मी नावं ठेवत नाहीये. पण कापड गिरणीतून आलं. गोदामात पडलं. टेम्पोत टाकलं. किती हात लागले असतील?”

“दोन. हे माझे.”

“आणि कापडाचा तागा? तोही तुम्हीच विणला?”

आईचं पित्त खवळलं. “ऐकलंस?” ती धाकट्याला म्हणाली. “कानामागून आली आणि तिखट झाली. तुला जन्मल्या जन्मल्या कोरंच घातलं होतं ना? काय झालं तुला? मेलास?”

“मेलो नाही म्हणून घालायचं, हे कारण झालं का?” धाकटी म्हणाली. “धुतलेले कपडे आले नाहीत ना आई, तर मी बाळाला इथल्या चादरीत गुंडाळीन आणि माझ्या माहेरी जाईन. मी भांडत नाहीये, सांगतेय.”

धाकट्याने आईकडे बघितलं, मग फोनकडे बघितलं. लग्नाआधी तो आईचा होता, लग्नानंतर बायकोचा झाला, आणि या दोघी एका खोलीत, निदान एका फोनवर आल्या की तो कोणाचाच उरायचा नाही.

तेवढ्यात थोरला वर आला.

थोरला खाली इस्त्री आणि तपासणीचं काम बघायचा. तयार माल त्याच्या टेबलावरून गेल्याशिवाय पेटीत जात नसे. पन्नाशीला आला होता, केस पिकले होते, आणि आईच्या शब्दाबाहेर तो आजवर एकदाही गेलेला नव्हता. आईला वाटलं, आला माझा वाघ.

“तूच सांग रे हिला,” आई म्हणाली. “आपला कपडा धुवावा लागतो का?”

“धुऊन टाकू की,” थोरला म्हणाला. “काय बिघडलं?”

आईला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“काय म्हणालास?”

“ती म्हणतेय तर धुवू. दे, मी खाली नेतो. मीच धुतो.”

आणि त्याने झबली गोळा करायला हात घातलासुद्धा. ज्या माणसाने लग्न झाल्यापासून स्वतःचा चहाचा कप विसळला नव्हता, तो म्हणत होता मीच धुतो. धाकट्याला हे ऐकून इतकं हायसं वाटलं की त्यातलं विचित्र त्याच्या ध्यानात आलं नाही. आईच्या आलं, पण ती संतापात होती.

“ठेव खाली! तूही तिच्याच पंगतीला जाऊन बसलास?”

थोरल्याने झबली ठेवली. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं. काल सहापैकी एका झबल्याला मशीनचं तेल लागलं होतं. आईची नजर आता पूर्वीची राहिली नव्हती; ती म्हणाली, डाग आहे का बघ. त्याने बघितलं आणि बघता बघता डागाची गन उचलून त्यावर मारली. रोज शेकडो कपड्यांवर मारायचा. पिस्तुलासारखी ती चीज, तिच्या पोटात डाग काढायचं औषध, चाप ओढला की भस्सकन फवारा आणि तेल गायब. औषधाच्या डब्यावर हातमोज्यांचं चित्र होतं, पण मोजे कोणी घातल्याचं कोणाला आठवत नव्हतं. हात आधी गेला आणि डोकं मागून पोचलं. हे कपडे कोणाचे आहेत ते त्याला आठवलं तेव्हा त्याने गन खाली ठेवली. कालपासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. आणि आता धाकटीने आपणहून ‘धुवा’ म्हटलं, तेव्हा त्याला वाटलं, सुटलो. गुपचूप धुवावं आणि विषय संपवावा. असे विषय गुपचूप संपवायची त्याला जुनी सवय होती.

“आजी, जेवायला वाढू का?” आतून टिकली बाहेर आली. थोरल्याची बावीस वर्षांची लेक. अप्पांच्या कापायच्या टेबलावर आता तीच उभी राहायची, आणि कात्री तिच्या हातात त्यांच्याइतकीच सरळ चालायची. तिच्या गळ्यावर आणि मनगटांना पांढरट, सुरकुतलेली कातडी होती. दहा दिवसांची असताना अंगावर फोड आले होते, त्याच्या खुणा.

“थांब जरा,” आई म्हणाली. “इथे आधी तुझ्या आजीची धुलाई चाललीय.”

जिन्यावर पावलं वाजली आणि थोरल्याची बायको, थोरली, आत आली. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती मुकादम होती. पहाटेची पाळी संपवून यायची ही तिची वेळ. चारशे खाटांच्या चादरी, सर्जनांचे हिरवे डगले, बाळंतिणींची दुपटी, सगळं तिच्या हाताखालून जायचं. तिच्या अंगाला कायम गरम वाफेचा वास असायचा. ‘धुणं’ हा विषय आणि ही बाई एकाच खोलीत आली की या घरात सगळ्यांची दातखीळ बसायची.

“काय झालं?” तिने विचारलं.

“काही नाही,” थोरला म्हणाला.

“धाकटीला कपडे धुऊन हवेत,” आई म्हणाली. “आता तू आलीयस, तूही सांग. तू तर धुण्यातली मोठी तज्ज्ञ. तुझ्या धुण्याने काय होतं ते टिकलीच्या गळ्यावर दिसतंच आहे.”

“आई!” धाकटा म्हणाला.

“का? खोटं आहे?”

थोरलीने पिशवी खुर्चीवर ठेवली. हे वाक्य तिने पूर्वीही ऐकलं होतं, पण टिकलीसमोर इतकं उघड कधी ऐकलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, कपड्यांत साबण राहिला होता. दुपटी आणि लंगोट तीच धुवायची. ओली बाळंतीण, हातात जोर नाही, राहिला असेल एखाद्यात साबण, असं तिने स्वतःच मान्य करून टाकलं होतं. तेव्हापासून ती प्रत्येक गोष्ट तीन-तीन पाण्यांतून काढायची. लोकांना वाटायचं, बाई फार टापटिपीची आहे.

ती टेबलाशी गेली आणि तिने वरचं झबलं उचललं.

“हात लावू नकोस,” आई म्हणाली. कारखान्यातल्या बाळाच्या कपड्याला थोरलीने हात लावायचा नाही, हा बावीस वर्षांचा शिरस्ता होता.

“दे इकडे,” थोरला म्हणाला. “धुवायला नेतोय मी.”

“तुम्ही?” थोरलीने त्याच्याकडे बघितलं. मग हातातलं ठेवून दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. एकेक नाकाशी नेऊन ठेवत गेली. पाचवं तिने खिडकीच्या उजेडात धरलं आणि धरूनच राहिली.

“हे कडं कसलं?”

“कसलं कडं?” आई म्हणाली.

“हे. बंदाखाली. कपाच्या बुडाएवढं.”

टिकली पुढे झाली. तिने एकदाच बघितलं. “डागाची गन मारलीय यावर. पुरतं उडालेलं नाही अजून. वास येतोय बघ, वहिनी.” घरात सगळ्यांचं ऐकून टिकली आपल्या आईला वहिनीच म्हणायची.

“कोणी मारली?” आई गरजली.

थोरल्याशिवाय गन कोणी हातात धरत नसे, त्यामुळे सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या.

“तेल लागलं होतं,” थोरला म्हणाला. “तूच म्हणालीस बघ म्हणून.”

“बघ म्हणाले होते! फवार म्हणाले नव्हते! पोराच्या अंगातला कपडा तो!”

“सवय आहे, आई. हात गेला. म्हणून तर म्हणतोय धुऊ.”

डॉक्टरांच्या कोटांवरची अशी कडी थोरली रोज बघायची. तिने झबलं टेबलावर ठेवलं, टिकलीकडे बघितलं, तिच्या गळ्याकडे बघितलं. मग नवऱ्याकडे वळली.

“हिच्या वेळी पण डाग होता का?”

थोरल्याला ‘नाही’ म्हणता आलं असतं. दोन अक्षरांचं काम होतं. पण त्याने एका टोपड्याची घडी मोडून परत घालायला घेतली, तेवढ्यात सगळ्यांना कळलं.

“मी काय विचारतेय?”

“होता,” थोरला म्हणाला. “मोठा होता. गळ्यापासून बाह्यांपर्यंत तेल उडालं होतं. अप्पांना त्या दुपारी नातीचा फोटो काढायचा होता, पट्टीवर छापायला. दुसरं तयार नव्हतं. मी गन मारली. दोनदा मारली. वरून इस्त्री फिरवली आणि आईला दिलं.”

“ओलं?” टिकलीने विचारलं.

“दमट होतं.”

आई खुर्चीत बसली. “मी घातलं ते,” ती म्हणाली. “माझ्या हातांनी घातलं. संध्याकाळी काढलं तर वास येत होता. मला वाटलं, नव्या कापडाचा.”

“डॉक्टरांनी विचारलं नाही, बाबा?” टिकलीचा आवाज चढला होता. “काही तरी विचारलं असेल ना!”

“विचारलं. कपडे नवे होते का, धुतले होते का.”

“मग?”

थोरल्याने भिंतीकडे बघून उत्तर दिलं. “मी म्हटलं, धुतलेले होते. बायको धुते म्हटलं. साबणाने.”

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती हसली आधी. धाकट्याला ते हसणं बघवलं नाही.

“लंगोट काय गळ्यात घालतात?” ती म्हणाली. “सांगा ना कोणीतरी. लंगोट गळ्यात घालतात का? उन्हाळा होता, दुपट्यात तिला एकदाही गुंडाळलं नव्हतं. फोड आले गळ्याला आणि मनगटांना. झबल्याच्या कडेकडेने आले. मला बाईला बावीस वर्षं एवढं सुचलं नाही? तू सांगितलंस आणि मी ऐकलं. तू!”

लग्नापासून तिने नवऱ्याला अरे-तुरे केलं नव्हतं. थोरल्याने मान खाली घातली.

“अगं, कारखाना बसला असता,” थोरला म्हणाला. “पट्टीवर छापलं होतं सरळ अंगात घाला म्हणून, आणि आपल्याच पोरीला झालं म्हटल्यावर कोणी माल घेतला असता? अप्पांनी हाय खाल्ली असती. मी नंतर सांगणार होतो तुला.”

“कधी? मला जाळून आल्यावर?”

“वेळच आली नाही गं.”

“वेळ? ही रांगायला लागली तेव्हा वेळ नव्हती? ही शाळेत गेली तेव्हा नव्हती? मी त्या धुलाईखान्यात वाफेत हात पोळून घ्यायला गेले, तेव्हा तुला विचारलं होतं, जाऊ का? तू म्हणालास, जा, तेवढंच तुझं मन रमेल. मन रमेल! करून सवरून नामानिराळा, आणि माझ्या डोक्यावर खापर!”

“पुरे आता,” आई म्हणाली. जुन्या खोडीने ती मधे पडली. मुलगा वेढला गेला की तिला राहवत नसे. “चुकलं त्याचं. मोठं चुकलं. पण पोर जगली ना? धडधाकट आहे ना? झालं गेलं...”

“आजी,” टिकली म्हणाली. “मला इस्पितळातून आणल्यावर तू घेतलंस ना स्वतःजवळ?”

“घेतलं. सहा वर्षं माझ्या कुशीत झोपलीस.”

“मला साधी आंघोळही घालू दिली नाहीस हिला,” टिकलीने आईकडे बोट केलं.

“कशी देणार? मला वाटलं...” आई थांबली.

“तेव्हा ती रडली?”

आईला खोटं बोलता येत नसे, हा तिचा एकच गुण सुनाही कबूल करायच्या. “जिन्यात बसून होती,” ती म्हणाली. “दूध दाटलं होतं. तापही चढला होता. मी म्हटलं, नाटकं करते.”

आई खुर्चीच्या हातांना धरून उठली, थोरल्यासमोर गेली आणि तिने त्याच्या थोबाडीत दिली. पंच्याहत्तर वर्षांच्या हाताची ती, लागली किती असेल देव जाणे, पण थोरला दोन पावलं मागे सरला.

“मी तिला घाण म्हणत राहिले,” आई म्हणाली. “तुझ्या जिवावर म्हणत राहिले, मेल्या! एकदा तरी माझं तोंड धरायचंस!”

मग ती जिन्याच्या तोंडाशी गेली आणि खाली वाकून ओरडली, “मशिनं बंद करा! सगळी! पेट्या बांधल्यात त्या सोडा. आजचा माल जाणार नाही. आणि पट्ट्यांचा गठ्ठा वर आणा, एकही कपड्याला लावायची नाही!”

खालून कोणीतरी विचारलं, का हो बाई? आई म्हणाली, माझं डोकं फिरलंय म्हणून. एकामागून एक मशिनं थांबली.

तेव्हा टेबलावरून आवाज आला. “वहिनी?”

फोन बंद करायचं कोणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. धाकटीने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकलं होतं.

“बोल,” थोरली म्हणाली.

“कपडे तुम्ही धुवा. दुसऱ्या कोणाच्या हातचे मला नकोत.” धाकटी रडत होती, पण हिशेब चोख होता. “आणि ते कडंवालं आणू नका.”

“ते नाहीच आणत. पाच पुरेत.”

थोरली पाच झबली आणि टोपडी घेऊन मोरीत गेली. मागून आई गेली आणि दारात उभी राहिली. दोन बादल्या कोमट पाणी, बोटभर साबण, मग तीन वेळा स्वच्छ पाणी. तिसरं पाणी थोरलीने ओंजळीत घेऊन बघितलं. आई म्हणाली, “मी पिळू का?” थोरली म्हणाली, “नको.” आई तिथेच उभी राहिली. काही वेळाने परत म्हणाली, “चुकलं माझं.” थोरली म्हणाली, “हो. चुकलं.” थोरलीने कपडे गच्चीवर नेऊन उलटे वाळत घातले. दोन वाजले होते आणि ऊन कडक होतं.

खाली आली तेव्हा थोरला खुर्चीत बसला होता. त्याला वाटलं, राग जरा उतरला असेल.

“मी काय करू सांग,” तो म्हणाला. “म्हणशील ते करतो.”

“फोन घे.”

“कोणाला?”

“साबणाचं तू ज्यांना ज्यांना सांगितलंस त्यांना. माझ्या भावाला आधी. त्याने आपल्या तान्ह्या पोरीला माझ्याकडे कधी ठेवलं नाही. सुट्टीत सगळी भाचरं आत्यांकडे जातात, माझ्याकडे कोणी पाठवलं नाही. लाव. सगळ्यांसमोर बोल.”

टिकलीने नंबर लावून फोन बापाच्या हातात दिला आणि स्पीकर चालू केला. थोरला बोलला. पहिल्यांदा अडखळत, गोल गोल. “नीट सांग,” थोरली म्हणाली, आणि त्याने परत पहिल्यापासून सांगितलं, गन, तेल, डॉक्टर, सगळं. तिचा भाऊ पलीकडून एवढंच म्हणाला, “ताईला दे.” थोरली म्हणाली, “मी नंतर बोलेन तुझ्याशी.” पुढचा फोन भावजयीला नको, तिने ऐकलंच असेल. मग मावशीला. मग पलीकडच्या गल्लीतल्या त्या शिवणाऱ्या बाईला, जिने सगळ्या कारखान्याला मीठमसाला लावून सांगितलं होतं. तिसऱ्या फोनला थोरल्याचा घसा बसला. धाकटा म्हणाला, “वहिनी, आता इस्पितळात निघायला हवं, चार वाजतील.” टिकली गच्चीवर जाऊन कपडे काढून आली. सुकले होते. आईने इस्त्री मागितली, पण थोरलीने हाताने घड्या घातल्या आणि पिशवी धाकट्याकडे दिली.

“झाले का सगळे?” थोरल्याने विचारलं. त्याचे डोळे लाल झाले होते. “अजून कोणी आहे?”

“माझी आई.”

थोरल्याने मान वर केली. “ती तर...”

“सहा वर्षं झाली तिला जाऊन, ठाऊक आहे मला. शेवटपर्यंत मी घासलेलं ताट ती माझ्यादेखत परत विसळून घ्यायची. बोलली नाही कधी काही. नुसती विसळायची. तिला लाव.”

थोरल्याने फोन टेबलावर ठेवला.

“ठेवू नकोस,” थोरली म्हणाली. “लाव.”